पंचाहत्तरीत कर्करोग : वय मोजावे की ताकद?

भोर किंवा वेल्हे परिसरातील एखाद्या वाडीवरच्या शाळेत नोकरी केलेल्या शिक्षकांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. शाळा सुटायच्या सुमारास कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले कागद घेऊन दारात उभे राहते. "गुरुजी, पुण्याच्या दवाखान्यातले कागद हायेत. आईला काय झालंय ते जरा वाचून सांगा." कागदावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान लिहिलेले असते. गुरुजी शब्द जुळवून ते सांगतात. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड असतो : "आई पंचाहत्तर वर्षांची हाय. ह्या वयात आपरेशन, केमो सोसंल का? का घरीच ठिवावं?"

या प्रश्नाला घाईने दिलेली दोन्ही उत्तरे चुकू शकतात. "वय झाले, आता कशाला त्रास" असे म्हणून उपचार नाकारले, तर जी बाई शस्त्रक्रियेनंतर आणखी कित्येक वर्षे चांगली जगली असती तिचे आयुष्य आपण कमी करतो. उलट, चाळिशीतल्या रुग्णाला देतात तेवढाच उपचार डोळे झाकून दिला, तर कर्करोगाआधी उपचारच तिला अंथरुणाला खिळवू शकतो. मग ठरवायचे कसे? गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने या प्रश्नाला एक साधे पण शिस्तबद्ध उत्तर शोधले आहे. ते असे की, अंदाज करू नका, मोजा. उपचारांपूर्वी वृद्ध रुग्णाची सर्वांगीण तपासणी करण्याच्या या पद्धतीची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

एकच वय, दोन माणसे

आपण दोन कल्पित रुग्ण समोर ठेवू. तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत राहणाऱ्या आजी आणि भोर शहरात राहणारे निवृत्त आजोबा. दोघांचे वय ७५. दोघांनाही मोठ्या आतड्याचा कर्करोग, आणि तोही साधारण सारख्याच अवस्थेतला.

दवाखान्याच्या बाकावर दोघे शेजारी बसले आहेत. आजी किरकोळ अंगाच्या, पाठीत थोड्या वाकलेल्या. आजोबा इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ बसलेले. यांपैकी जास्त धडधाकट कोण, असे विचारले तर बहुतेक जण आजोबांकडे बोट दाखवतील. पण जरा विचारपूस केली की चित्र पालटते. आजी रोज गुरांना पाण्यावर नेतात, स्वतःचा स्वयंपाक करतात, एस.टी.ने एकट्या बाजाराला जातात. आजोबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, दिवसाला सात प्रकारच्या गोळ्या आहेत. गेल्या सहा महिन्यांत ते दोनदा न्हाणीघरात पडले. त्यांचे वजन ५८ किलोवरून ५१ किलोवर आले आहे, म्हणजे १२ टक्क्यांनी घटले आहे. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला ते मान डोलावतात. पत्नी वारली आहे, मुलगा मुंबईला असतो.

जन्मतारखेवरून काढलेले वय दोघांचे एकच. शरीराचे वय मात्र वेगवेगळे.

शिल्लक किती आहे?

हा फरक समजण्यासाठी 'राखीव क्षमता' ही कल्पना लक्षात घ्यावी लागेल. भाटघर धरणातून नदीत सोडलेले पाणी जानेवारीत आणि मे महिन्यात सारखेच दिसू शकते. पुलावर उभे राहून त्या पाण्याकडे पाहणाऱ्याला धरणात किती साठा उरला आहे ते कळत नाही. पाऊस लांबला की मगच ते कळते. आपल्या हृदयाचे, फुफ्फुसांचे, मूत्रपिंडांचे, स्नायूंचे असेच आहे. तरुणपणी या अवयवांची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. वय वाढते तशी ही राखीव क्षमता कमी होते; परंतु रोजचे काम भागत असल्यामुळे ते जाणवत नाही. मोठी शस्त्रक्रिया किंवा रसायनोपचार (म्हणजेच केमो) हा शरीराच्या दृष्टीने लांबलेला पाऊस असतो.

याचे एक उदाहरण गणिताने पाहू. मूत्रपिंडे रक्त किती वेगाने साफ करतात याचा अंदाज करण्याचे एक सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ मध्ये मांडले :

(१४० − वय) × वजन किलोग्रॅममध्ये ÷ (७२ × रक्तातील क्रिएटिनिन)

स्त्रियांसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे. उत्तर मिळते ते दर मिनिटाला मिलिलिटर या एककात.

समजा, आजींचे वजन ४२ किलो आणि क्रिएटिनिन १.० आहे. रक्ततपासणीच्या कागदावर या आकड्यापुढे 'सर्वसाधारण' असेच लिहिलेले असेल. आता सूत्र वापरू : ६५ × ४२ ÷ ७२ = ३७.९, त्याला ०.८५ ने गुणले की साधारण ३२. त्यांच्या ३५ वर्षांच्या, ५५ किलो वजनाच्या सुनेचे क्रिएटिनिनही १.० असेल, तर तिचे उत्तर येते ६८. कागदावरचा आकडा एकच, पण सासूच्या मूत्रपिंडांची क्षमता सुनेच्या निम्म्याहून कमी! असे का? क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. वयानुसार स्नायू कमी झाले की तो कमी तयार होतो, त्यामुळे मूत्रपिंडे मंदावली तरी रक्तातील प्रमाण फारसे वाढत नाही.

हे गणित नुसते कुतूहलाचे नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या पुष्कळदा देतात. ही क्षमता ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर त्या गोळ्यांची मात्रा सुरुवातीलाच पाऊण करायची असते, आणि ३० च्या खाली असेल तर त्या द्यायच्याच नसतात. म्हणजे काटक दिसणाऱ्या आजींच्या बाबतीतही मोजमाप केल्यामुळे एक धोका वेळीच लक्षात आला. (हे सूत्र अंदाज देते, मात्रा ठरवण्याचे काम अर्थातच डॉक्टरांचे.)

पचनसंस्थेचे कर्करोग वेगळे का?

अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्या कर्करोगांत एक विशेष अडचण असते. ज्या अवयवांनी शरीराला पोसायचे, तेच आजारी पडलेले असतात. अन्ननलिका अरुंद झाली की आधी भाकरी गिळता येत नाही, मग भात, मग पेजही जड जाते. खाणे घटले की शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते. स्नायू झिजले की चालणे मंदावते, खोकून कफ बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते, जखमा उशिरा भरतात. रुग्ण पुण्याला पोचेपर्यंत यातील बरेच काही घडून गेलेले असते.

उपचारांचा मारही पचनसंस्थेवरच होतो. रसायनोपचार वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात, आणि आतड्याचे अस्तर हे अशाच पेशींचे असते. त्यामुळे तोंड येणे, उलट्या, जुलाब हे त्रास होतात. तरुण माणसाला जुलाब झाले तर तहान लागते, तो पाणी पितो, निभावून नेतो. वृद्धांची तहानेची जाणीव मंद असते. शरीरातील पाणी कमी होते, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होते, आणि जे औषध मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे ते शरीरात साचू लागते. त्यामुळे जुलाब आणखी वाढतात. दवाखाना घराशेजारी असेल तर एक सलाईन लावून हे चक्र तोडता येते. पण घर वेल्ह्याच्या पलीकडे घाटाच्या कडेला असेल, पुणे साठ-सत्तर किलोमीटरवर असेल आणि संध्याकाळची एस.टी. निघून गेली असेल तर? म्हणूनच 'घरी सोबत कोण आहे आणि रात्री वाहन मिळेल का' हा प्रश्नसुद्धा रक्ताच्या तपासणीइतकाच वैद्यकीय आहे.

काय काय तपासतात?

वृद्ध रुग्णाकडे समग्र दृष्टीने पाहण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १९३५ मध्ये डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे लंडनजवळच्या निराधारांसाठीच्या एका जुन्या रुग्णालयातील सातशेहून अधिक रुग्ण सोपवण्यात आले. त्यांतले बरेच जण 'आता यांचे काही होणार नाही' म्हणून वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासले, त्यांचे गट पाडले, त्यांना उठवून चालते केले; कित्येक जण घरी गेले. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांनी रोजच्या सहा क्रिया निवडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांतल्या किती क्रिया माणूस कोणाच्या मदतीशिवाय करतो ते नोंदवायचे. कॅट्झ यांना एक गंमतीची गोष्ट आढळली. आजारातून उठताना या क्रिया ज्या क्रमाने परत येतात, तो क्रम लहान मूल त्या ज्या क्रमाने शिकते त्याच्याशी मिळताजुळता असतो.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी यात थोड्या अवघड कामांची भर घातली : फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, प्रवास, स्वतःची औषधे घेणे, पैशांचा हिशेब वगैरे. आपल्याकडे ही यादी जशीच्या तशी चालत नाही. ज्या आजोबांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नाही, त्यांना 'स्वयंपाक येत नाही' म्हणून दुबळे कसे ठरवणार? तिथे आठवड्याच्या बाजाराला जाणे, दुधाचा हिशेब ठेवणे, एस.टी.चा प्रवास यांविषयी विचारावे लागते. पूर्वी करत होते ते काम आता सुटले का, हे महत्त्वाचे.

आजच्या तपासणीत रोजच्या कामांखेरीज पुढील गोष्टी येतात : चालण्याचा वेग आणि पडण्याचा इतिहास; वजनातील घट आणि आहार; इतर आजार; घेत असलेली सर्व औषधे; स्मरणशक्ती; मनाची उदासी; ऐकणे व दिसणे; आणि घरचा आधार. पूर्ण तपासणीला साधारण तासभर लागतो. एवढा वेळ सर्वांना देणे शक्य नसते, म्हणून आधी एक छोटी चाळणी लावतात. 'जी-८' नावाच्या चाळणीत आठ प्रश्न आणि १७ गुण असतात. १४ किंवा त्याहून कमी गुण पडले तर पूर्ण तपासणी करायची.

स्मरणशक्ती का तपासायची, असे कोणी विचारील. रसायनोपचाराच्या गोळ्या घरी घ्यायच्या असतात. ताप आला, जुलाब झाले तर त्याच दिवशी कळवायचे असते. हे लक्षात राहणार नसेल तर दुसऱ्या कोणावर तरी ती जबाबदारी सोपवावी लागते. शिवाय ज्यांची स्मृती आधीच कमजोर आहे, अशा वृद्धांना शस्त्रक्रियेनंतर भ्रम होण्याची शक्यता जास्त असते. मात्र इथेही एक पेच आहे. परदेशी चाचण्यांत घड्याळाचे चित्र काढायला किंवा वाक्य लिहायला सांगतात. जिने कधी पाटी-पेन्सिल हाती धरली नाही, ती आजी यात नापास होईल. पण तो दोष तिच्या मेंदूचा नाही, तिच्या वाट्याला न आलेल्या शाळेचा आहे. हे ओळखून हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीतून एक चाचणी तयार करण्यात आली आणि ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

याचा उपयोग होतो का?

तपासण्या वाढवल्या म्हणजे रुग्णाचे भले झाले, असे गृहीत धरता येत नाही. त्याला पुरावा लागतो. या बाबतीत भारतीय वंशाच्या डॉ. आरती हुरिया यांचे नाव घ्यावे लागेल. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील ५०० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५३ टक्के रुग्णांना रसायनोपचाराचे गंभीर दुष्परिणाम झाले होते. ते कोणाला होतील हे आधी सांगणारे ११ घटक त्यांनी शोधले. वय, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाची क्षमता हे तर त्यांत होतेच. पण कमी ऐकू येणे, सहा महिन्यांत पडणे, औषधे घ्यायला मदत लागणे, थोडे अंतरही चालता न येणे, लोकांत मिसळणे कमी होणे हेही होते. आणि कर्करोग पचनसंस्थेचा असणे हाही धोका वाढवणारा घटक ठरला. डॉ. हुरिया २०१८ मध्ये अपघातात वारल्या. त्यांची मोजपट्टी आज जगभर वापरली जाते.

पुढचा प्रश्न असा की, तपासणीचे निष्कर्ष डॉक्टरांच्या हाती दिल्याने फरक पडतो का? २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात ७० वर्षांवरील, बरा न होणारा कर्करोग असलेले ७१८ रुग्ण होते. जिथे डॉक्टरांना तपासणीचा सारांश आणि सूचना दिल्या गेल्या, तिथे ५१ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. जिथे दिल्या नाहीत, तिथे ७१ टक्क्यांना. सहा महिन्यांनंतर जिवंत असणाऱ्यांच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे आयुष्य कमी न होता त्रास कमी झाला. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका अभ्यासात अन्ननलिका व जठराचा पसरलेला कर्करोग असलेल्या ५१४ वृद्ध किंवा दुर्बल रुग्णांना औषधांची पूर्ण, ८० टक्के किंवा ६० टक्के मात्रा देऊन पाहिली. ६० टक्के मात्रेने रोगावरील नियंत्रण कमी पडले नाही, आणि रुग्णांचे दिवस अधिक बरे गेले.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ६५ वर्षांवरील रुग्णांना रसायनोपचारापूर्वी ही तपासणी करावी अशी शिफारस केली. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांनी वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. आपल्याकडे साठीनंतर ज्येष्ठ मानतात. म्हणून तिथे साठ वर्षांवरील रुग्णांचा विचार होतो. कर्करोगाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, औषधांचे जाणकार असे अनेक जण मिळून रुग्णाकडे पाहतात.

आजी आणि आजोबांचे पुढे काय?

आजींच्या तपासणीत दोन उणिवा निघाल्या : कमी हिमोग्लोबिन आणि मंद मूत्रपिंडे. दोन्हींवर उपाय आहेत. लोह भरून काढायचे, औषधाची मात्रा बेताची ठेवायची. त्यांची शस्त्रक्रिया वयामुळे अडवण्याचे कारण नाही.

आजोबांच्या बाबतीत तपासणीचा अर्थ 'उपचार नको' असा होत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आतडे पूर्ण तुंबलेले नसेल, तर तीन-चार आठवडे तयारीसाठी मिळू शकतात. त्या काळात रोज चालणे व खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम, श्वासाचा व्यायाम, साखर आटोक्यात आणणे, अनावश्यक गोळ्या बंद करणे, आहारात प्रथिने वाढवणे या गोष्टी करता येतात. कर्करुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे आजोबांना ५१ ते ७६ ग्रॅम. (मूत्रपिंडे मंद असतील तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा.) कानाचे यंत्र मिळाले तर आपल्याला काय झाले आहे हे ते प्रथमच नीट ऐकतील आणि 'मला काय हवे आहे' ते स्वतः सांगतील. काहींना जास्त दिवस हवे असतात, काहींना घरी आपल्या पायांवर राहणे जास्त मोलाचे वाटते. हे मोजपट्टी सांगू शकत नाही. ते विचारावेच लागते. आतडे तुंबून पोट फुगले असेल, तर मात्र तयारीला वेळ नसतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

शिक्षक काय करू शकतील?

प्रत्येक दवाखान्यात अशी तपासणी होतेच असे नाही. पण त्यासाठी लागणारी माहिती घरच्यांकडेच असते, आणि ती एका कागदावर लिहून नेली तर कोणत्याही डॉक्टरांना उपयोगी पडते. शिक्षक किंवा दहावी-बारावीचा विद्यार्थी हा कागद सहज तयार करून देऊ शकेल :

१. सहा महिन्यांपूर्वीचे वजन, आजचे वजन आणि घट किती टक्के.
२. सहा महिन्यांत किती वेळा पडले.
३. रोजच्या सहा क्रियांपैकी कशाला मदत लागते. पूर्वी करत असलेले कोणते काम सुटले.
४. सर्व औषधांची नावे, काढे व गावठी औषधे यांसह. गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत.
५. ऐकणे, दिसणे, विसरणे, उदास राहणे यांविषयी घरच्यांचे निरीक्षण.
६. तंबाखू, मिश्री, दारू यांची सवय.
७. घरी सोबत कोण, रात्री वाहन कोणाचे, फोन कोणाचा.
८. रुग्णाची स्वतःची इच्छा.

वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांसारख्या तपासण्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आधी करून घेता येतात. खर्चाविषयीही एक गोष्ट सांगून ठेवावी : २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू करण्यात आली.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोगही आहे. शाळेच्या व्हरांड्यात चार मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढा. रेघेच्या थोडे आधीपासून नेहमीच्या चालीने चालत जायचे आणि दोन रेघांमधला वेळ मोजायचा. चार मीटरला पाच सेकंद म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर. यापेक्षा कमी वेग वृद्धांच्या बाबतीत अधिक तपासणीची सूचना मानतात. मग घरी आजी-आजोबांचा वेग मोजा. मोजताना बाजूला कोणीतरी आधाराला चालत राहील याची काळजी घ्या. पाच-सहा घरांतले आकडे वय आणि वेग अशा आलेखावर मांडले, तर बिंदू एका रेषेत येत नाहीत, हे विद्यार्थ्यांना दिसेल. सत्तरीतले काही जण साठीतल्यांच्या पुढे असतील. मात्र हळू चालणारा आजारीच असतो असा निष्कर्ष काढू नये. गुडघेदुखीनेही वेग कमी होतो.

तेव्हा पुन्हा कोणी पिशवीतले कागद घेऊन दारात आले आणि "ह्या वयात सोसंल का?" असे विचारले, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. एक कोरा कागद घ्यावा, त्यांना बसवावे आणि विचारावे : "आई स्वतःची आंघोळ स्वतः करतात का? शेवटच्या बाजाराला कधी गेल्या होत्या?"